त्या दिवशी मी नव्हते

मला माझं लग्न आठवत नाही. "कसं झालं कळलंच नाही बाई," असं बायका कौतुकाने म्हणतात, तसं नाही. खरोखर आठवत नाही. हळद आठवते, अंगणातला मांडव आठवतो, "मुलीच्या मामांना बोलवा" असं भटजी म्हणाले ते आठवतं. मग मामा माझ्या मागे येऊन उभे राहिले, त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, आणि त्यापुढचं मला दिसतं ते थेट अहमदपूरच्या एका स्वयंपाकघरात. समोर गॅस, हातात पातेलं, आणि एक अनोळखी बाई म्हणतेय, "अश्विनी, चहा टाक की." मी अश्विनीची वाट बघत उभी राहिले.

मधे तीन दिवस गेले होते. ती बाई माझी सासू होती आणि अश्विनी मीच होते. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझं माहेरचं नाव वर्षा. तांदळात काय लिहिलं गेलं ते बघायला मी हजरच नव्हते. जी हजर होती तिने ते नाव घेतलं आणि ठेवून घेतलं.

ज्यांच्या घरात असं कुणी आहे, किंवा ज्यांच्या स्वतःच्या आत असं कुणी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आजाराचं नाव डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. नाव अवघड आहे, पाठ करायची गरज नाही. सिनेमात दाखवतात तसे डोळे फिरवून आम्ही कुणाचा गळा दाबत नाही. आमचा बहुतेक वेळ ठेवलेल्या वस्तू शोधण्यात आणि "मी असं कधी म्हणाले?" हे विचारण्यात जातो.

सरळ सून

सासरी गावरान आंब्याची पंधरा-वीस झाडं. मे महिना लागला की कच्चे आंबे उतरवायचे आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांची आढी घालायची. खाली पेंढा, वर आंबे, पुन्हा पेंढा, दार बंद. आठवड्याभरात त्या खोलीतून गोड, ऊबट वास घरभर पसरतो. लोकांना त्या वासाने भूक लागते. मी निघून जायचे.

निघून जायचे म्हणजे उभ्या जागी निघून जायचे, आणि माझ्या जागी अश्विनी यायची. हे मला फार उशिरा कळलं. अश्विनी हसरी. पहाटे उठणार, आल्यागेल्याच्या पाया पडणार, उलट शब्द काढणार नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, मे महिन्यात आमची सून सरळ येते. जूनमध्ये आढी संपली, खोली झाडून झाली की मी परत यायचे. घाबरलेली, रडवेली, आज तारीख काय म्हणून विचारणारी. मग घरात म्हणायचे, बिघडली पुन्हा.

म्हणजे आजार त्यांना आवडला होता आणि वैताग माझा होता. नणंदेच्या हे सगळ्यांच्या आधी लक्षात आलं. पाहुणे यायचे असले की ती आढीतला एक पिकलेला आंबा आणून माझ्या नाकाशी धरायची. "वहिनी, वास तर घ्या." आणि हसायची. मला तिचं हसणं आठवतं, पाहुणे आठवत नाहीत.

तिसऱ्या वर्षी मला माहूरला नेलं, माझी बाधा जावी म्हणून. बाधा म्हणजे मी, वर्षा. अश्विनीला घालवायला कुणी कुठे नेलं नाही. सासूबाईंना मनातून आशा होती की देवीच असेल. देवी असती तर चार माणसं घरी पाया पडायला आली असती. गडावर माझ्या अंगात कुणी आलं नाही, मी पायऱ्यांवर बसून ओकले तेवढंच.

नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याने कधी हात उचलला नाही, हे मला लोक आठवणीने सांगतात. त्याने मोबाईल उचलला. मी पलंगाच्या कडेला बसून "हे कोणतं वर्ष आहे" असं विचारतेय, नाकातून पाणी गळतंय, आणि तो पलीकडून म्हणतोय, "परत बोल. नीट बोल." ते त्याने घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली कुणीतरी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी लेक झाली होती, गौरी. तिच्या वेळच्या कळा मला सगळ्या आठवतात. तेवढ्या अश्विनीने घेतल्या नाहीत, याबद्दल मी देवाची आभारी आहे.

ही कितवीत आहे?

गौरी आठ वर्षांची असताना शाळेत पालकसभा होती. मी पुढच्या बाकावर बसले होते. बाईंनी गौरीचं अक्षर चांगलं आहे म्हणून सांगितलं, आणि मी त्यांना विचारलं, ही कितवीत आहे? सगळा वर्ग हसला. गौरी हसली नाही. ती हळूच म्हणाली, "तिसरीत, मम्मी."

त्यानंतर घरच्यांनी डॉक्टर गाठला. लातूरच्या दवाखान्यात मी सांगितलं की माझ्या आत दुसरी कुणीतरी आहे. कागदावर उतरलं, आवाज ऐकू येतात. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी जीभ जड झाली, भाकरी थापताना हात थरथरायला लागले, आणि दिवस हरवायचे ते हरवतच राहिले. शेवटी नवऱ्याने मला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं, कारण माझं माहेर त्याच जिल्ह्यातल्या उमरी तालुक्यातलं. ज्यांचा माल त्यांनी सांभाळावा, असं तो माझ्यासमोरच म्हणाला. त्याला बाहेरगावी ट्रेनिंग होतं, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, शाळेला सुट्ट्या होत्या. म्हणून गौरीला माझ्या आईकडे सोडलं.

वॉर्डात सकाळी सहाला दिवे लागायचे. रांगेत उभं राहून गोळी घ्यायची, आ करून जीभ वर करून दाखवायची. मग दिवसभर काही नाही. एक बाई खिडकीशी बसून सगळ्यांचे केस विंचरायची, नको म्हटलं तरी. तिथे झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. त्या सकाळी चहा देताना विचारायच्या, "आज कोण हाय? वर्षा का अश्विनी?" पहिल्यांदा मला राग आला. बाहेर लोक हेच विचारून टाळ्या द्यायचे. मग कळलं की अश्विनीला दोन चमचे साखर लागते आणि मला बिनसाखरेचा चहा, म्हणून विचारतात. नऊ वर्षांच्या सासुरवासात हा प्रश्न एवढ्या साधेपणाने मला कुणी विचारला नव्हता.

आईला दुसऱ्यांदा सांगितलं

मी नऊ ते बारा वर्षांची असताना, दर उन्हाळ्याच्या सुट्टीत, मामाच्या घरी, आढीच्या खोलीत जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. हे मला तिशीपर्यंत आठवत नव्हतं. वॉर्डात तिसऱ्या आठवड्यात आठवायला लागलं. आधी पेंढा टोचतो ते आठवलं, मग बाकीचं.

भेटायच्या वेळेत आई डबा घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती भाजीचं झाकण लावत होती. झाकण लावून झाल्यावर म्हणाली, "लहानपणी बी सांगितलं हुतंस हे."

मी सांगितलं होतं. नऊ वर्षांची असताना. तेव्हा तिने मला न्हाऊ घातलं होतं आणि पुन्हा बोलू नको म्हणाली होती. तेही मी विसरले होते, तिच्या लक्षात होतं. मी विचारलं, मग तू काय केलंस? आई म्हणाली, "तुला विसरायला येतंय ना? मग विसर की. समद्यांना न्हाई येत."

असं वाक्य आईच्या तोंडून ऐकल्यावर माणूस रडेल किंवा ओरडेल. मी डबा खाल्ला. भूक लागली होती.

चार दिवसांनी आई पुन्हा आली. या वेळी खुशीत होती. गौरीला दादाकडे धाडलंय म्हणाली, दादा म्हणजे तिचा भाऊ, माझे मामा. मी तिच्याकडे बघत राहिले तेव्हा म्हणाली, "थकलाय आता त्यो. काय करतोय? आढी घातलीय, पोरगी खुशीत हाय."

आढी हा शब्द मी ऐकला. पुढे काही नाही.

पाय

डोळे उघडले तेव्हा मी वॉर्डातच होते. हात कापडाने खाटेला बांधलेले आणि दोन्ही पायांना घोट्यापर्यंत पट्ट्या. तळवे फोडांनी भरले होते. मधे दीड दिवस गेला होता.

काय झालं ते मला दुसऱ्यांनी सांगितलं, आणि प्रत्येकाने आपल्या सोयीने. भेटीची वेळ संपताना मी इतर नातेवाइकांबरोबर बाहेर पडले होते. उमरीपर्यंत गेले, तिथून मामाच्या गावी. मामाच्या कपाळावर दाराचा अडसर घातला, सहा टाके पडले. गौरीला घेऊन निघाले. मामाच्या मुलांनी मोटारसायकलवर येऊन मला उमरीच्या बसस्टँडवर पकडलं आणि वॉर्डात परत आणून सोडलं. गौरीला नवरा येऊन अहमदपूरला घेऊन गेला. माझ्या कागदावर लिहिलं गेलं, भर उन्हात डांबरी रस्त्यावर अनवाणी फिरताना सापडली, कारण सांगत नाही.

कारण सांगणार कोण? मी तिथे नव्हते.

त्या अनवाणी पायांनी माझा निकाल लावला. नवऱ्याने चार माणसांत विचारलं, ज्या बाईला आपले पाय भाजतात हे कळत नाही, तिच्याकडे लेकरू ठेवायचं? मीही मनात तेच म्हणाले. आईने मला भावाचं डोकं फोडणारी म्हणून टाकलं आणि पुन्हा डबा आला नाही.

त्या पायांमुळेच एक बरंही झालं. वॉर्डात नव्याने आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडताना विचारलं, दुखलं नाही? मी म्हणाले, मला आत्ता दुखतंय, चालली दुसरी. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. तीन-चार बैठकांनी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, लहान लेकराला पळता येत नाही, दार उघडता येत नाही, म्हणून ते आतल्या आत पळतं आणि जागेवर दुसऱ्याला उभं करून जातं. यात वेड नाही. त्या वयात एवढंच हाताशी होतं.

निदानाच्या दिवशी लोक रडतात म्हणे. मी त्यांना विचारलं, मग जी गेली होती तिला माहीत असेल ना, माझ्या पोरीला त्या खोलीत काही झालं का? त्या म्हणाल्या, असेल. तिला विचारावं लागेल.

वही

आता मी लातूरला राहते. इथे शिकवण्यांसाठी गावोगावहून मुली येतात, त्यांच्या एका होस्टेलवर देखरेखीचं काम करते. एकशे दहा मुली, त्यांची डोकेदुखी, त्यांचे घरचे फोन. नवऱ्यापासून वेगळी झाले. गौरी त्याच्याकडे. महिन्यातून एका रविवारी, अहमदपूरच्या बसस्टँडवर, दीड तास, आणि लांबच्या बाकावर माझा दीर बसलेला. एवढी मी आई आहे.

लातूरमध्येच एका मॅडमकडे उपचार चालू आहेत. गोळ्यांपेक्षा बोलणं जास्त. त्यांनी मला एक शंभर पानी वही ठेवायला सांगितली. मी लिहायचं, आतल्या कुणाला लिहावंसं वाटलं तर त्यांनी लिहायचं. अश्विनी गोल अक्षरात लिहिते आणि खाली फूल काढते. तिच्याशी मी आता भांडत नाही. लग्नाचे ते तीन दिवस तिने माझ्यासाठी काढले आहेत.

ती दुसरी, मामाच्या गावाला गेलेली, तिरकं आणि दाबून लिहिते. पानाच्या मागे वळ उठतात. तिने नाव सांगितलं नाही. मॅडमच्या सांगण्यावरून मी विचारलं तर उत्तर आलं, "नाव कशाला पायजे. मी कुठं लगीन केलंय." बाकी फक्त रागावते. दूध उतू गेलं, ध्यान कुठं असतंय. दाराला कडी लाव. त्या माणसाशी हसून बोलू नको.

चार वर्षं मी तिला एकच विचारत होते. त्या दिवशी गौरीला काही झालं होतं का? इतक्या वेळा लिहिलं की मॅडम म्हणाल्या, आता थांबा. उत्तर आलं नाही. एकदा फक्त ते पान फाडलेलं सापडलं.

गौरीला का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. काही झालं नसेल तर मीच तिच्या डोक्यात भरवेन, ही एक भीती. दुसरी भीती मी कुणाला सांगितली नव्हती. समजा ती म्हणाली हो, आणि ऐकता ऐकता मीच निघून गेले तर? पोरीने तोंड उघडावं आणि समोर अश्विनी हसत बसलेली असावी? माझ्या आईने निदान भाजीचं झाकण तरी लावलं होतं.

अहमदपूर बसस्टँड

गेल्या जूनची गोष्ट. गौरी आता बारा वर्षांची. बाकावर माझ्याशेजारी बसली, आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पायात निळ्या रबरी स्लिपर होत्या. दवाखान्यात देतात तसल्या, टाचेकडे झिजलेल्या. चांगल्या सँडल असताना हे काय घालून आलीस, मी म्हणाले.

"तुझ्याच हायत."

मला कळलं नाही. तिने पाय पुढे केले. "मोठ्या हुत्या तवा. आता बसतात. दिवाळीला पप्पा टाकून देत हुते, मी न्हाई टाकू दिल्या."

समोर आंब्यांचा गाडा लागला होता. वास येत होता, आणि कानात ती ओळखीची घुमघुम सुरू झाली. मॅडमनी शिकवलंय, समोर दिसेल ते वाचायचं. मी बसच्या पाट्या वाचायला लागले. लातूर. नांदेड. उदगीर. बाकाची लोखंडी कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. आणि पाट्या वाचता वाचताच विचारलं, त्या दिवशी तू त्या खोलीत गेली होतीस का?

"न्हाई. दारापर्यंत. आबा म्हणले, ये, पिकलेला हुडकून देतो. तेवढ्यात तू आलीस."

नांदेड. उदगीर. लातूर. मी अजून बाकावरच होते.

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. आबांना, म्हणजे माझ्या मामांना, मारलं तेव्हा तिने डोळे मिटले होते. तिच्या सँडल बॅगेत होत्या आणि बॅग आत होती. बॅग आणायला मी तिला आत जाऊ दिलं नाही. रस्ता तापलेला, ती अनवाणी. म्हणून मी माझ्या स्लिपर तिच्या पायात घातल्या आणि फाट्यापर्यंत तीन किलोमीटर तिचा हात धरून चालले. फटक फटक वाजत होत्या, ती म्हणाली. एकदा पडलीसुद्धा.

"कुणाला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाई. समदे तुझ्या पायाचंच बोलत हुते."

मग तिने विचारलं, "ती तू हुतीस का?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्या दिवसाची आई मीच झाले असते. मी म्हणाले, मला आठवत नाही गं.

गौरीने मान हलवली, जसं काही तिला ते आधीच माहीत होतं. "मला वाटलंच. दारात आल्यावर तूच म्हणलीस, मी तुझी मम्मी न्हाई. पण तिनंच पाठवलंय मला. चल."

दिराने लांबूनच हात केला. दीड तास झाला होता. गौरी उठली आणि स्लिपर वाजवत त्याच्याकडे गेली. अजून ती तिकडेच राहते, कागदावर अजून कारण सांगत नाही असंच आहे, आणि माझे मामा गावात अजून लोकांच्या लग्नात मुलींच्या मागे उभे राहतात. मी बसमध्ये बसले आणि लातूरपर्यंत ढसाढसा रडले. सगळ्या रस्त्यावर मी जागी होते.

होस्टेलवर आल्यावर वहीत एवढंच लिहिलं, तुझ्या स्लिपर गौरीने जपून ठेवल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली. खाली तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर. चार वर्षांत तिने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"पाय लई भाजले हुते का?"

मी त्याखाली लिहिलं, न्हाई.